हजिऱ्याचा डबा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं मराठी मंडळ आणि हजिरा भागातलं मराठी मंडळ एक झाली ती दोन हजार सतराच्या पाडव्याला. त्यासाठी सगळ्यात जास्त धावपळ कोणी केली म्हणाल, तर भालचंद्रराव तुळपुळ्यांनी. त्यांना ती करायला कोणी सांगितलं नव्हतं, पण सांगण्याची वाट बघत बसणाऱ्यांतले ते नव्हतेच. टेलिफोन खात्यातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती. हरिशंकरपुरमच्या घरातले सगळे स्विच, नळ आणि पंखे त्यांनी दोन-दोनदा खोलून पुन्हा बसवले होते. शेवटी पत्नी पद्माताईंनी हात जोडून सांगितलं, की आता बाहेर जाऊन कुणाचं तरी भलं करा.

दोन मंडळांत अंतर फार नव्हतं, आखडूपणा मात्र शंभर वर्षांचा होता. लष्करवाल्यांचे पूर्वज दरबारात लेखणी नाहीतर पळी-पंचपात्र घेऊन बसलेले, हजिऱ्यावाल्यांचे पलटणीतले. आता लेखणीवाल्यांची मुलं बंगळुरूला आणि पलटणवाल्यांची नातवंडं मोबाइलच्या दुकानात. गणपतीच्या आरतीला इकडेही दहा डोकी आणि तिकडेही दहाच. म्हणून शहाणपणानं एक व्हायचं ठरलं. एक होताना नव्या मंडळाचे अध्यक्ष सदाशिवराव यांनी नियम घालून दिला, की प्रत्येक विभागात एक माणूस लष्करचा आणि एक हजिऱ्याचा, आणि विभागाच्या कुठल्याही कागदावर दोघांची सही.

भालचंद्ररावांनी स्वतःसाठी विभागच नवा काढला, ध्वनिसंग्रह. ग्वाल्हेरचं मराठी बोलणारी म्हातारी माणसं बसवायची, त्यांना बोलतं करायचं आणि ते सगळं कॉम्प्यूटरवर उतरवून ठेवायचं. कॉम्प्यूटर त्यांचाच, घरून आणलेला. त्यावर कॉम्प्यूटर चालवायला लिनक्स नावाची फुकट मिळणारी प्रणाली घातलेली, तीही त्यांनीच. या लिनक्सचा त्यांना भारी अभिमान होता. दुसऱ्यांच्या मशीनला व्हायरस लागला की त्यांना खरंखुरं वाईट वाटायचं, पण त्याआधी जरा बरंही वाटायचं.

हजिऱ्याकडून या विभागात आला बळवंत भोईटे. पंचेचाळिशीचा, जाड मिशांचा, कमी बोलणारा. हजिऱ्याच्या बाजारात त्याचं 'भोईटे साउंड' नावाचं दुकान होतं. लग्न असो, जागरण असो, नाहीतर निवडणुकीची सभा, माईक आणि भोंगे त्याचेच. कॉम्प्यूटरला बाहेरून लावायचं साउंड कार्ड त्यानंच आणलं. विटेएवढं, पुढे चार बटणं, मागे केबल लावायची भोकं. त्यात माईक खुपसायचा आणि त्याची एक केबल कॉम्प्यूटरला जोडायची. बळवंत त्याला डबा म्हणायचा, म्हणून सगळेच म्हणायला लागले. हजिऱ्याच्या मंडळानं गेल्या वर्षी वर्गणी काढून तो घेतला होता आणि एक झाल्यावर नव्या मंडळाला मोठ्या कौतुकानं देऊन टाकला होता.

दसऱ्याला इंदरगंजच्या हॉलमध्ये दोन्ही मंडळांची पहिली एकत्र शस्त्रपूजा झाली. हजिऱ्यावाल्यांनी तलवारी आणल्या, लष्करवाल्यांनी पोथ्या. शिवाय कॉम्प्यूटर, माईक आणि डबाही मांडले गेले. पूजा सांगितली भालचंद्ररावांनी, कारण तुळपुळ्यांच्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्यांचं. त्यांनी सगळं यथासांग केलं, कुठे काही सुटू दिलं नाही. हजिऱ्याच्या बायका पदर सावरून बघत होत्या, आणि आरतीनंतर कोणीतरी म्हणालं, "आज सच में एक झाल्यासारखं वाटलं." भालचंद्ररावांना ते वाक्य आठवडाभर पुरलं.

दिवाळी झाली आणि रेकॉर्डिंग सुरू झालं. पहिला मान लीलाताईंचा. लीलाताई हजिऱ्याच्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, आवाज मात्र चाळिशीतला. लग्नातली गाणी, पलटणीतल्या सासऱ्याच्या गोष्टी, जुन्या भांडणांचा हिशेब सगळा तोंडपाठ. दर गुरुवारी दुपारी बळवंत त्यांना स्कूटरवर मागे बसवून आणायचा, हाताला धरून हॉलच्या वरच्या खोलीत चढवायचा, आणि माईक त्यांच्या तोंडासमोर असा लावायचा की त्यांना तो दिसतही नसे.

पहिल्या गुरुवारी लीलाताई अकरा मिनिटं बोलल्या आणि पडद्यावरची हिरवी रेघ सपाट झाली. साउंड सर्व्हर पडला होता.

साउंड सर्व्हर म्हणजे कॉम्प्यूटरमधला एक प्रोग्राम. सगळे आवाज त्याच्या हातातून जातात. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये पूर्वी ऑपरेटर बसायची, या कानातली तार त्या भोकात जोडायची, तसलं त्याचं काम. तो पडला की माईकमधलं बोलणं कुठेच पोचत नाही. भालचंद्ररावांनी तो पुन्हा चालू केला. नऊ मिनिटांनी पुन्हा पडला. त्या दिवशी चारदा पडला, आणि लीलाताईंना नणंदेच्या लग्नाची गोष्ट चारदा सांगावी लागली.

"परत सांगण्यात मजा नाही हो, भालचंद्रराव," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा निघतं ते निघतं. मग नुसतं वाचल्यासारखं होतं."

"पुढच्या गुरुवारी असं होणार नाही," भालचंद्ररावांनी शब्द दिला.

आणि मग ते त्याच्या मागे लागले. यंत्र आपली रोजनिशी ठेवत असतं, तिला लॉग म्हणतात. काय झालं ते सेकंदासकट त्यात लिहिलेलं असतं. भालचंद्ररावांनी लॉग उघडला. दर वेळी तीच कथा होती. आधी डबा सुटायचा, दोन सेकंदांनी नवा नंबर घेऊन पुन्हा लागायचा. सर्व्हर मात्र जुन्याच नंबराला आवाज मागत राहायचा, उत्तर येईना म्हणून गोंधळायचा आणि कोसळायचा. इथपर्यंत त्यांनी अगदी बरोबर वाचलं. डबा का सुटतो एवढंच शोधायचं राहिलं होतं.

यंत्र वीज वाचवायला न चालणारी उपकरणं झोपवतं, तसं डब्याला झोपवत असेल म्हणून त्यांनी ती सोय बंद केली. डबा सुटलाच. आवाजाचे सेकंदाला किती तुकडे करायचे तो आकडा बदलला, तरी सुटला. साउंड सर्व्हरची नवी आवृत्ती घातली, मग ती काढून जुनी घातली. पद्माताई जेवायला हाका मारत राहिल्या आणि ताटातली पोळी चामड्यासारखी झाली. शेवटी त्यांनी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका चर्चेत सगळी हकीकत लिहिली. कुठल्या तरी दूरच्या देशातल्या माणसानं एका ओळीत उत्तर दिलं. केबल आणि तिचं भोक एकदा डोळ्यांनी बघा, म्हणाला.

भालचंद्ररावांना ते झोंबलं. छत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात काढलेल्या माणसाला हा केबल बघायला सांगतो! त्यांनी उलट चार ओळी लिहिल्या. आपण नवशिके नसून लॉग वाचू शकतो आणि केबल नवी आहे, असं कळवलं. केबल खरंच नवी होती. डबा उलटा करून त्याच्या भोकात मात्र त्यांनी पाहिलं नाही. खात्यात असताना हाताखालच्या लाइनमननं आधी जोड न तपासता एक्स्चेंजला नावं ठेवली, तर हेच भालचंद्रराव त्याला उभा सोलून काढत असत.

दुसरा गुरुवार गेला, तिसरा गेला. तिसऱ्या गुरुवारी लीलाताई एक गाणं म्हणत होत्या. नवरदेवाची घोडी दाराशी येते तेव्हाचं ते गाणं, त्यांच्याशिवाय आता कोणाला येत नव्हतं. मधेच आवाज फुटला, डोळे पाणावले, तरी त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं. संपल्यावर भालचंद्ररावांनी पडद्याकडे पाहिलं. रेघ दुसऱ्या कडव्यापासून सपाट होती. चार वाजून बारा मिनिटांनी सर्व्हर पडला होता आणि खोलीत कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

तेव्हा ते जे बोलले ते खालच्या हॉलमध्ये बसलेल्या सदाशिवरावांपर्यंत ऐकू गेलं.

"तंबूतला माल आहे हा! लग्नात भोंगे वाजवायला ठीक आहे. इथं नाजूक काम चालतं. दहा ठिकाणी आपटला असेल, पावसात भिजला असेल. बळवंत, तू याची कधी निगा राखलीस का रे? तुम्ही लोक मशीन आणि ढोल यांत फरकच करत नाही!"

'तुम्ही लोक' हे शब्द तोंडातून निघाले तसे ते त्यांनाही ऐकू आले. पण निघालेले शब्द परत घ्यायची त्यांना सवय नव्हती. बळवंतनं लीलाताईंची चप्पल त्यांच्या पायांपाशी सरकवली आणि म्हणाला, "चला ताई, हळू." लीलाताईंनी जाताना भालचंद्ररावांकडे पाहिलं नाही.

त्यांना घरी सोडून बळवंत खोलीला कुलूप लावायला एकटाच परत आला. एक किल्ली भालचंद्ररावांकडे आणि एक त्याच्याकडे असायची.

शुक्रवारी सकाळपासून भालचंद्रराव त्याच खोलीत, त्याच कॉम्प्यूटरवर अहवाल लिहायला बसले. डोकं शांत राहावं म्हणून त्यांनी डब्याला छोटे स्पीकर लावून भजन सुरू केलं. दुपारी बळवंत दारात येऊन उभा राहिला.

"काका, एक बार अब चालवून बघा ना. मला वाटतं बराबर होईल."

"आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही," मान वर न करता भालचंद्रराव म्हणाले. "तू जा. उद्या सहीला ये."

बळवंतनं दार हळूच ओढून घेतलं. मग खाली गेला.

अहवाल चार पानी झाला, आणि झाला मोठा सुरेख. कोणते उपाय केले, किती वेळा केले, लॉग काय म्हणतो, सगळं मुद्देसूद. शेवटी निष्कर्ष होता. बिघाडाचं कारण म्हणजे हजीरा शाखेकडून आलेल्या उपकरणाचा हलका दर्जा, आणि संबंधितांनी केलेली त्याची हयगय. खाली शिफारस होती, की नवं उपकरण घ्यावं, आणि श्री. भोईटे यांना ध्वनिसंग्रह विभागातून मोकळं करून मंडप-व्यवस्थेत घ्यावं. शनिवारी बळवंत आला. चारही पानं त्यानं उभ्या उभ्या वाचली, शेवटच्या पानावर जरा जास्त वेळ थांबला, खिशातून पेन काढलं आणि सही केली. भालचंद्ररावांना आश्चर्य वाटलं आणि लगेच समाधानही. खरं होतं म्हणून तर केली, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

कार्यकारिणीनं अहवाल मान्य केला. पुढच्या रविवारी सर्वसाधारण सभा होती, तिथं तो वाचून कायम व्हायचा होता. लीलाताईंनी निरोप पाठवला की घसा बसलाय, आता येणं जमणार नाही. सदाशिवरावांनी भालचंद्ररावांना बाजूला घेऊन म्हटलं, "डबा त्यांचा त्यांना परत करून टाका. सन्मानानं हां. आधीच तिकडे कुजबुज चाललीय."

बुधवारी भालचंद्रराव डबा आणायला वरच्या खोलीत गेले. परत करण्याआधी त्याची खोड एकदा पुराव्यानिशी नोंदवून ठेवावी, असं त्यांच्या मनात आलं. सभेत कोणी प्रश्न विचारला तर हातात कागद हवा. त्यांनी डबा लावला, माईक लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि घड्याळ समोर ठेवून बसले. अकरा मिनिटं झाली. वीस झाली. तास झाला. खाली चौकात सवाऱ्या भरणारे तीनचाकी टेम्पोवाले कोकलत होते आणि पडद्यावर त्यांचा आवाज हिरव्या रेघेत छान उमटत होता. भालचंद्ररावांनी डबा हलवला, केबल ओढली, टेबलाला धक्का दिला. सर्व्हर पडायला तयार नव्हता. चार तासांनी त्यांना तहान लागल्याचं कळलं.

मग त्यांनी लॉग उघडला. शेवटची नोंद होती गुरुवारची, चार वाजून बारा मिनिटांची. त्यानंतर डबा एकदाही सुटला नव्हता. शुक्रवारी ते दिवसभर इथं बसून अहवाल लिहीत होते, पाठीमागे याच डब्यातून भजन चालू होतं, आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत ते एकदाही थांबलं नव्हतं. डबा नीट चालत असताना त्याच्याशेजारी बसून त्यांनी तो बिघडलाय असं चार पानं लिहिलं होतं. शुक्रवारी दारात उभा राहिलेला बळवंत त्यांना आठवला.

डबा पिशवीत घालून ते टेम्पोनं हजिऱ्याला गेले.

भोईटे साउंडच्या दुकानात बळवंत भोंग्याचा पडदा चिकटवत बसला होता. काकांना बघून तो उठला, स्टूल पुसून पुढे केलं, समोरून चहा सांगितला. भालचंद्ररावांना स्टुलावर बसवेना.

"बळवंत, गुरुवारी मी गेल्यावर तू याला काय केलंस?"

"काही नाही, काका. थोडी सफाई केली."

"कसली सफाई? नीट सांग."

बळवंत हातातला गोंद पुसत राहिला. मग म्हणाला, "छोडो ना काका. हो गया ते झालं."

"मला कळलं पाहिजे."

"मागच्या भोकात तांदूळ होता. एकच दाणा. कुंकवाचा." त्यानं करंगळीचं नख दाखवलं. "आत चिकटून बसला होता. त्याच्यामुळे केबल पूरी आत जात नव्हती. आधी मलाही दिसला नाही. गुरुवारी मग टॉर्च लावला, चिमट्यानं काढला."

भालचंद्ररावांना विचारावं लागलं नाही. दसऱ्याचा पाट त्यांच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. पाटावर त्यांनी स्वतः तांदळाची रास घातली होती, कुंकवानं ओली केलेली. डब्याची बटणं म्हणजे त्याचं तोंड, तोंड वर असावं, म्हणून त्यांनी तो पाठीवर उभा ठेवला होता, मागची भोकं खाली, राशीत. बसेना म्हणून वरून दाबलाही होता. तोंडानं मंत्र चालू होता आणि हातानं ते दाबत होते.

"अक्षता होती ना," बळवंत सांगत होता, "म्हणून फेकवली नाही. घरी देवाजवळ ठेवलीय."

"मग सही का केलीस? अहवाल वाचलास ना तू?"

"वाचला. हयगय म्हणजे काय ते बराबर समजलं नाही, नंतर लीलाताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, असं कोण बोललं तुला? मी बोललो, कोणी नाही, पेपरात होतं."

"अरे, पण सही का केलीस!" भालचंद्ररावांचा आवाज चढला. शेजारच्या दुकानातला माणूस वळून बघायला लागला.

बळवंतनं गोंदाच्या डबीचं झाकण लावलं. मोठी गोष्ट सांगायची त्याला सवय नव्हती.

"काका, आमच्या सामानाला लष्करच्या माणसानं आपल्या हातानं अक्षता वाहिली, हे आमच्याकडे पहिली बार झालं. माझी आई अजून सांगते सगळ्यांना. आता मी सभेत उभा राहून बोलू, की त्या पूजेनंच डबा बिघडला? आमचे लोक म्हणतील अपशकुन झाला. तुमचे लोक हसतील. तुम्ही तर..." तो थांबला. "तुम्ही वडील माणूस. माझं काय, मी मंडप बांधीन. उसमें क्या है."

चहा आला. भालचंद्ररावांनी कप हातात घेतला आणि त्यांना एकदम इतकी लाज वाटली की तो तोंडाला लावता येईना. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी डबा टेबलावर ठेवला, काहीतरी पुटपुटले आणि निघाले. माफी मागायची राहिली. टेम्पोत बसल्यावर त्यांना हे कळलं, पण ते उतरले नाहीत.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार हे तीन दिवस त्यांनी कसे काढले ते पद्माताईंना ठाऊक. सदाशिवरावांना फोन करायला ते चारदा उठले आणि चारदा बसले. नवा डबा येईल, काम सुरू होईल, बळवंतला पुढच्या वर्षी परत घेता येईल, हे सगळं त्यांनी मनात घोळवून बघितलं. बळवंतचीच तशी इच्छा आहे, असंही एकदा म्हणून पाहिलं. शेवटी पद्माताईंना सगळं सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, मला काय सांगता? मी का त्याला मंडपात पाठवलंय?"

रविवारी हॉल भरला होता. एका बाजूला लष्करवाले, दुसऱ्या बाजूला हजिऱ्यावाले, मधे रिकामी वाट. लीलाताई पुढच्या रांगेत, बसलेल्या घशासकट. बळवंत माईक लावून भिंतीशी उभा. सदाशिवरावांनी नाव पुकारलं, तसे भालचंद्रराव अहवाल घेऊन उभे राहिले. त्यांनी तो उघडला आणि मिटला.

"हा अहवाल मी मागे घेतो," ते म्हणाले. "डब्यात दोष नव्हता. बळवंतची काही चूक नव्हती. चूक झाली असेल तर ती माझी. त्याला विभागातून काढू नये."

मग लष्करच्या बाजूनं कोणीतरी टाळी वाजवली. "वा, भालचंद्रराव!" दुसऱ्यानं वाजवली. टाळ्या हॉलभर पसरल्या. सदाशिवराव उठून उभे राहिले, त्यांचा चेहरा उजळला होता. "याला म्हणतात मोठं मन! सहकाऱ्याची चूक स्वतःच्या अंगावर घेणं सोपं नाही. एकत्र येणं म्हणतात ते हेच. भोईट्यांना विभागात ठेवण्याची तुळपुळ्यांची विनंती सभा आनंदानं मान्य करते." चिटणीस लिहायला लागले. हजिऱ्यावालेही टाळ्या वाजवत होते, जरा सावकाश. भिंतीशी बळवंतही वाजवत होता, खाली बघून.

आणि भालचंद्रराव खाली बसले. टाळ्यांच्या आवाजात त्यांना बरं वाटलं, अगदी मोकळं वाटलं. खरं बोलून झालं होतं, बळवंतचं काम झालं होतं, आणि वर नावही झालं होतं. शेजारच्यानं पाठीवर थाप मारली. तेवढ्यात लीलाताई त्यांच्याकडे बघताना त्यांना दिसल्या. टाळ्या न वाजवणाऱ्या त्या एकट्याच होत्या. आपल्याला बरं वाटतंय हे भालचंद्ररावांच्या ध्यानात आलं, आणि आठवडाभरात वाटली नव्हती एवढी लाज त्यांना त्या क्षणी वाटली. त्यांनी खुर्चीच्या दांड्याला धरलं आणि ते पुन्हा उठले.

"थांबा," ते म्हणाले. कोणाला ऐकू गेलं नाही. "थांबा! टाळ्या बंद करा!"

सदाशिवराव हसून म्हणाले, "अहो, बसा आता. झालं."

"झालं नाही. मी नीट सांगितलं नाही. मुद्दाम नीट सांगितलं नाही." त्यांनी खिशातून लॉगचा कागद काढला. तो दोन्ही हातांनी धरला. "हे यंत्रानं लिहिलेलं आहे. याला मोठं मन वगैरे नाही. पहिल्या गुरुवारी डबा चारदा सुटला. दुसऱ्या गुरुवारी सहादा. तिसऱ्या गुरुवारी सातदा, शेवटचा चार वाजून बारा मिनिटांनी, लीलाताई गात असताना. त्यानंतर शून्य. शुक्रवारी शून्य. शनिवारी शून्य. कारण गुरुवारी संध्याकाळी या बळवंतनं डब्याच्या भोकातून तांदळाचा दाणा काढला. मी पूजेत डबा तांदळात दाबून बसवला होता, तेव्हा तो अडकला. मी दाबला. दाणा निघाला गुरुवारी, आणि माझ्या अहवालावर तारीख आहे शनिवारची. दुरुस्त केलेल्या डब्यावर मी ठपका ठेवला, आणि ज्यानं दुरुस्त केला त्याच्यावरही. शुक्रवारी तो सांगायला आला होता. मी मान वर करून बघितलं नाही."

आता कोणी टाळी वाजवली नाही. मागे एक खुर्ची करकरली. लष्करच्या बाजूला कोणीतरी घसा खाकरला आणि हजिऱ्याच्या बाजूला एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, तांदूळ कसला, कसला तांदूळ. सदाशिवरावांच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. त्यांनी चिटणिसांकडे पाहून हात हलवला, लिहू नका.

"लिहा," भालचंद्रराव म्हणाले. "विनंती हा शब्द खोडा. बळवंतवर कोणी उपकार केलेले नाहीत. चूक तुळपुळ्यांची, एवढं लिहा. आणि मी याच्या दुकानात जाऊन चहा समोर ठेवून माफी न मागता पळून आलो, तेही लिहायचं तर लिहा."

चिटणिसांचं पेन कागदावर थांबलं होतं. ते सदाशिवरावांकडे बघत होते, सदाशिवराव खिडकीबाहेर. भालचंद्ररावांनी हजिऱ्याच्या बाजूला तोंड वळवलं. भिंतीशी बळवंत उभा होता, काळवंडलेल्या चेहऱ्यानं. त्यानं आठवडाभर जे झाकून ठेवलं होतं ते सगळं भर सभेत उघडं पडलं होतं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं.

"बळवंतराव," भालचंद्रराव म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी घरी तीन दिवस पाठ केलं होतं, पण आता ते तोंडातून निघेना.

बळवंतनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग तो पुढे आला, स्टँडवरचा माईक त्यांच्यापुढे आणून तोंडापर्यंत खाली केला, आणि हळूच म्हणाला, "इथं बोला काका. मागच्यांना ऐकू जात नाही."